उन्हाळ्यात पोरांना जर्मनीला जर्मन शिकायला पाठवायचंय? नेहमी विचारले जाणारे प्रश्न

दहावी झाल्यावर आमची लेक जुलैमध्ये तीन आठवडे जर्मनीला समर कोर्स करून आली. तेव्हापासून मला आठवड्याला एक तरी फोन येतोच, कधी मामेबहिणीचा, कधी सोसायटीतल्या काकूंचा, कधी जर्मनच्या क्लासबाहेर गाडी लावून उभ्या असलेल्या कुणातरी आईचा. प्रश्न सगळ्यांचे तेच, म्हणून एकदाच बसून सगळं टाइप केलंय. आम्ही पुण्याचे, त्यामुळे हिशोब सगळा पुणे-मुंबईचा आहे, तुम्ही नागपूर नाहीतर पणजीहून निघणार असाल तर फ्लाइट नि अपॉइंटमेंटचं आपापलं बघा.

तीन आठवड्यात जर्मन येतं का?

नाही. हे आधीच सांगून टाकते कारण निम्मे लोक ह्याच समजुतीत पैसे भरतात.

साधा हिशोब करा. जर्मनीतला "एक तास" म्हणजे बऱ्याच ठिकाणी 45 मिनिटं, आपल्या शाळेतल्या पिरियडसारखं. आठवड्याला 20 ते 24 पिरियड धरले तर तीन आठवड्यांचे झाले 60 ते 72. आणि ग्योथे इन्स्टिट्यूट (जर्मन शिकवणारी जर्मनीची संस्था, आपल्याकडचं मॅक्स म्युलर भवन म्हणजे तीच) स्वतः सांगतं की ए-वन ह्या अगदी पहिल्या लेव्हलला (पुढे ए-टू, बी-वन, बी-टू, सी-वन, सी-टू अशा चढत जातात) 80 ते 200 पिरियड लागतात. म्हणजे शून्यातून सुरुवात केली तर पहिली पायरीसुद्धा पूर्ण होत नाही, आणि लोक मला विचारतात "आता फाडफाड बोलत असेल ना?"

मग होतं काय? डोक्यात जे साठून राहिलेलं असतं ते तोंडातून बाहेर यायला लागतं. आमचीने शाळेत तीन वर्षं जर्मन घेतलं होतं, मार्क नव्वदच्या वर, आणि पहिल्या दिवशी बेकरीत ब्रेत्सेल (गाठीच्या आकाराचा खारा पाव) मागितल्यावर काउंटरवरच्या बाईंनी विचारलं इथे खाणार की घेऊन जाणार, तर ही म्हणाली "या". म्हणजे हो. बाईंनी परत विचारलं, ही परत "या". मागे रांग. शेवटी बाईंनी पिशवीत घालून दिलं. तिसऱ्या आठवड्यात त्याच बेकरीत तिने शिळं ब्रेत्सेल परत करून ताजं मागून घेतलं, हे मला तिने फोनवर सांगितलं तेव्हा मला तिच्या दहावीच्या टक्क्यांपेक्षा जास्त भारी वाटलं, खोटं कशाला बोलू. ह्यासाठी पाठवायचं असेल तर पाठवा. व्याकरण शिकायला पाठवू नका, व्याकरण पुण्यात स्वस्तात मिळतं.

(ज्याच्या नावाने आपल्याकडे मॅक्स म्युलर भवन आहे तो माणूस आयुष्यभर संस्कृत शिकला नि ऋग्वेद छापला पण भारतात एकदाही आला नाही. तेव्हा तिथे गेल्याशिवाय भाषा येतच नाही, असंही काही नाही.)

मग कुठल्या लेव्हलला पाठवावं?

माझं मत ए-टू झाल्यावर. निदान ए-वन पक्कं तरी हवंच. बिगिनर मुलांना घेतात, बॅच असतात, पण तिथे पहिला आठवडा "माझं नाव अमुक, मी तमुक गावाची" ह्यातच जातो आणि ते तर बोट क्लब रोडच्या मॅक्स म्युलर भवनात किंवा एफसी रोडला रानडे इन्स्टिट्यूटमध्येही होतं की. शाळेत जर्मन आहे म्हणजे लेव्हल आहे असं धरू नका. शाळेचं जर्मन म्हणजे रिकाम्या जागा भरा. कोर्सच्या आधी प्लेसमेंट टेस्ट घेतात, ती पोरांना आपली आपण देऊ द्या. शेजारी बसून मदत केलीत तर पोरगं चुकीच्या वर्गात जाऊन पडेल आणि तीन आठवडे गप्प बसेल.

कुठल्या इयत्तेनंतर पाठवणं बरं?

इथेच सगळ्यात मोठी गोची आहे. आपली उन्हाळ्याची सुट्टी एप्रिल-मे, जूनच्या मध्याला शाळा सुरू. आणि तिकडचा उन्हाळा म्हणजे जूनच्या शेवटापासून ऑगस्टपर्यंत, समर कोर्स सगळे तेव्हाच. म्हणजे आपल्या मे महिन्यात तिकडे मुलांसाठी फारसं काही नसतंच.

आठवीतून नववीत जाताना: वय थोडं लहान, पण शाळा तीन आठवड्यांची रजा देते, फार बुडत नाही. नववीतून दहावीत: विसरा. क्लासवाले एप्रिलपासून दहावी सुरू करतात आणि तुम्हालाच झोप लागणार नाही. दहावीनंतर: सगळ्यांना वाटतं हीच बेस्ट सुट्टी, आम्हालाही वाटलं. पण अकरावीचे ऑनलाइन ॲडमिशनचे राउंड नेमके जून-जुलैत. आमचं नशीब की पहिल्याच राउंडला कॉलेज मिळालं, जाऊन कन्फर्म केलं नि मग ती विमानात बसली. दुसऱ्या-तिसऱ्या राउंडची वाट बघत बसायची वेळ आली असती तर मी इथे लॉगिन करत बसले असते आणि तिला तिथून ओटीपी विचारत बसले असते. म्हणून लॉगिनचा मोबाइल नंबर आईचा किंवा बाबांचाच द्या, पोरांचा नको.

बारावीनंतर पाठवायचं असेल तर सीईटी, नीट, काउन्सेलिंग, ते सगळं आहेच. आणि तोपर्यंत अठरा पूर्ण झाली असतील तर मुलांचे कोर्स मिळत नाहीत, मोठ्यांच्या बॅचला जावं लागतं, तिथे कुणी लक्ष ठेवत नाही.

कोर्स घेतं कोण? चांगला कसा ओळखायचा?

ग्योथे इन्स्टिट्यूटचे मुलांसाठी वेगळे समर कोर्स असतात, शिवाय प्रायव्हेट लँग्वेज स्कूल भरपूर आहेत. तुमच्या मुलांची शाळा "पाश" ह्या योजनेत असेल तर आधी जर्मनच्या टीचरना गाठा. ही जर्मन परराष्ट्र खात्याची 2008 पासूनची योजना आहे आणि ह्या शाळांतल्या मुलांना जर्मनीतल्या कोर्ससाठी स्कॉलरशिप मिळू शकते. बऱ्याच पालकांना आपली शाळा त्यात आहे हेच माहीत नसतं, शाळेच्या गेटवर पाटी असते तरी.

बाकी चांगला-वाईट ओळखायला ब्रोशर बघू नका, त्यात सगळेच गवतावर बसून हसत असतात. मेल करून चारच गोष्टी विचारा. एका वर्गात जास्तीत जास्त मुलं किती? एका देशाची मुलं किती घेता? रात्री ड्युटीवर कोण असतं, त्याच बिल्डिंगमध्ये झोपतं का? आणि दुपारनंतर काय असतं? चारही प्रश्नांना नीट उत्तर आलं तर पुढे जा. आम्ही आधी निवडलेल्या एका ठिकाणाहून रात्रीच्या प्रश्नाला तीन मेलनंतरही "आमची टीम अनुभवी आहे" एवढंच आलं, ते सोडलं.

ओळखीच्या मुलांच्या ग्रुपबरोबर पाठवलं तर सेफ ना?

सेफ आहेच, पण मग मराठीचा समर कोर्स होतो. इथले काही क्लास आणि शाळा पंधरा-वीस मुलांचा ग्रुप नेतात, सोबत टीचर, खाणं-पिणं सगळं बांधलेलं. ती छान ट्रिप असते, ट्रिप म्हणून पाठवा. पण बसमध्ये शेजारी कोथरूडचीच मैत्रीण असेल तर पोरगी जर्मन कुणाशी बोलणार?

तसं एकटं गेल्यावरही एक गंमत होतेच. स्पेन, इटली, तुर्कस्तान, कझाकस्तान, कुठून कुठून मुलं आलेली असतात आणि सगळी मिळून आपसात इंग्लिश बोलतात. आमचीच्या खोलीत एक इटलीची नि एक कझाकस्तानची. इटलीच्या मुलीचं इंग्लिश यथातथाच, त्यामुळे नाइलाजाने तिघी जर्मन बोलल्या. म्हणजे रूममेटचं इंग्लिश कच्चं असेल तर तुमचं नशीब उघडलं.

एकूण खर्च किती?

आमचा सगळा मिळून साडेचार लाखांच्या आसपास गेला. त्यात अर्ध्याहून जास्त कोर्सची फी, म्हणजे शिकवणं, राहणं, तीन वेळचं जेवण आणि सहली. मग तिकीट, जुलैचं तिकीट महागच असतं कारण इकडची मंडळी तिकडे आणि तिकडची इकडे सगळी तेव्हाच फिरतात. मग व्हिसा, इन्शुरन्स, हातखर्च. आणि मग जे कुणी धरत नाही ते, मोठी बॅग, पावसाळी जॅकेट, बूट, दोनदा मुंबईला जाऊन येण्याचं टॅक्सीभाडं.

फीमध्ये एअरपोर्टवरून ने-आण धरलीय का हे वाचून घ्या. बऱ्याचदा ठरावीक दिवशी ठरावीक वेळातच फुकट नेतात, त्या वेळेबाहेर उतरलात तर वेगळे युरो. आम्ही आधी तिकीट काढलं नि मग हे वाचलं, त्यामुळे तारीख बदलायचे पैसे गेले. व्हिसा नाकारला तर फी किती परत, हेही पैसे भरायच्या आधी विचारा.

पैसे बँकेतूनच पाठवायचे, फॉर्म पालकांच्या सहीने होतो. रक्कम मोठी असेल तर टीसीएसचं (परदेशी पैसे पाठवताना बँक कापते तो कर) काय होतं ते तुमच्या सीएला विचारून ठेवा, कापला तरी रिटर्न भरताना ॲडजस्ट होतो, बुडत नाही.

व्हिसाला काय काय लागतं? लहान मुलांना सोपा असतो ना?

उलट आहे, दोन कागद जास्तच लागतात. तीन आठवड्यांच्या कोर्सला साधा शेंगेन व्हिसा (युरोपातल्या बऱ्याच देशांना मिळून एकच चालतो तो), 90 दिवसांच्या आतला. महाराष्ट्रातल्यांचं काम मुंबईच्या जर्मन कॉन्सुलेटकडे, पण फाइल द्यायची व्हीएफएस ह्या व्हिसाचे अर्ज घेणाऱ्या कंपनीच्या सेंटरला. फी 90 युरो, बारा वर्षांच्या वरच्यांना हाफ तिकीट नाही. प्रवासाच्या सहा महिने आधीपासून अर्ज करता येतो आणि निदान 15 दिवस आधी करावाच लागतो, पण 15 दिवसांवर कुणी जाऊ नका, कारण एप्रिल-मेमध्ये अख्खा महाराष्ट्र स्वित्झर्लंडला निघालेला असतो आणि अपॉइंटमेंट मिळत नाहीत. जुलैचा कोर्स असेल तर जानेवारी-फेब्रुवारीत कोर्स बुक करा, मार्च-एप्रिलमध्ये फाइल. बोटांचे ठसे द्यायला मुलांना स्वतः जावंच लागतं, म्हणजे परीक्षेच्या तारखा सांभाळून.

मुलांसाठी जादा म्हणजे जन्माचा दाखला, आई आणि बाबा दोघांच्याही सह्यांचं संमतीपत्र, दोघांचे पासपोर्ट किंवा ओळखपत्र, खर्च कोण करणार त्याचं पत्र, बँक स्टेटमेंट, आयटीआर आणि शाळेचं पत्र. नवऱ्याची पोस्टिंग बाहेर असेल, घटस्फोट झालेला असेल, एकटी आई असेल तर त्या-त्या परिस्थितीचे कागद (कोर्टाचे वगैरे) आधी गोळा करा, त्याला वेळ लागतो. कमीत कमी 30,000 युरो कव्हरचा ट्रॅव्हल इन्शुरन्स लागतो, तोही सगळ्या दिवसांचा, जायच्या आणि यायच्या दिवसासकट.

आता आमचा घोळ ऐका, कारण हा घरोघरी होणार आहे. लेकीच्या जन्माच्या दाखल्यावर माझं माहेरचं नाव. हॉस्पिटलमध्ये फॉर्म माझ्या आईने भरला होता, तिने सवयीने तेच लिहिलं. माझ्या पासपोर्टवर सासरचं आडनाव. लेकीच्या पासपोर्टवर आईचं नाव नुसतं पहिलं. म्हणजे कागदावर मी तीन वेगळ्या बायका. सोळा वर्षं कुणी विचारलं नाही आणि काउंटरवर तो मुलगा शांतपणे म्हणाला, "मॅडम, ही आई कोण?" लग्नाचं सर्टिफिकेट दाखवलं म्हणून निभावलं, तेही मी निघताना आपलं उगाच फाइलमध्ये टाकलं होतं म्हणून. तुम्ही आत्ताच तिन्ही कागद शेजारी ठेवून नावं बघा. दाखला नुसता मराठीत असेल तर इंग्लिशसकटचा नवीन काढा.

दुसरा घोळ फक्त दहावीवाल्यांचा. शाळा सुटलेली, कॉलेज लागलेलं नाही, मग बोनाफाईड कोण देणार? ऑफिसातले क्लार्क म्हणाले "आता ती आमची विद्यार्थिनी नाही". शेवटी मुख्याध्यापिकांनी लेटरहेडवर लिहून दिलं की अमुक शाळेतून मार्चमध्ये दहावीची परीक्षा दिलीय, निकाल बाकी आहे. आणि आम्ही कव्हरिंग लेटरमध्ये दोन ओळीत सांगितलं की आपल्याकडे दहावीनंतर कॉलेज बदलतं, ॲडमिशन जूनमध्ये असते. चाललं.

पासपोर्ट आहे आधीचा, तो चालेल?

तारीख बघा. लहान मुलांचा पासपोर्ट पाचच वर्षांचा असतो आणि दहाव्या वर्षी दुबईला जाताना काढलेला आता संपलेला असणार. परत येण्याच्या तारखेनंतर निदान तीन महिने शिल्लक हवेत आणि दोन पानं कोरी. पंधरा पूर्ण असतील तर नवीन काढताना दहा वर्षांचा मागता येतो, तोच मागा. आणि तिकिटावर नाव पासपोर्टवर आहे तस्संच, मधलं बाबांचं नाव तिथे असेल तर इथेही.

एकट्याने विमानात कसं बसवायचं?

शक्य असेल तर मुंबईहून डायरेक्ट, फ्रँकफर्ट नाहीतर म्युनिक, नऊ तासांच्या आत-बाहेर. हजारांनी स्वस्त म्हणून आखातात मध्यरात्री सहा तास बसवून ठेवणारं तिकीट काढू नका. बारा वर्षांच्या वरच्यांना बऱ्याच एअरलाइन एकटं जाऊ देतात, पैसे भरून सोबतीची सर्व्हिसही मिळते, पण प्रत्येकीचा नियम वेगळा, बुकिंगच्या आधी फोन करून विचारा. आम्ही सोबत घेतली नाही, तिनेच नको म्हटलं.

हातातल्या बॅगेत एक प्लॅस्टिकची फाइल: संमतीपत्र नोटरी केलेलं, कोर्सचं पत्र, इन्शुरन्स, परतीचं तिकीट, तिथला पत्ता नि फोन नंबर कागदावर लिहिलेला. फोनमध्ये आहे म्हणून नाही, कागदावर. फ्रँकफर्टला इमिग्रेशनच्या माणसाने हिला इंग्लिशमध्ये विचारलं किती दिवस, ही म्हणाली "द्राय वोखेन", तीन आठवडे. मग तो पुढचं सगळं जर्मनमध्येच सुरू झाला आणि हिची पळापळ. पण शिक्का मिळाला.

राहायची सोय कशी असते?

तीन प्रकार: बोर्डिंग शाळा सुट्टीत रिकामी असते ती, युथ हॉस्टेल, किंवा एखाद्या कुटुंबात. कुटुंबात भाषा सगळ्यात छान होते पण कुटुंब कसं मिळेल ती लॉटरी, पहिल्यांदा जाणाऱ्याला मी हॉस्टेलच सांगेन. युथ हॉस्टेल ही मुळात जर्मन लोकांचीच आयडिया, अल्टेनाच्या किल्ल्यात 1912 साली रिचर्ड शिरमान नावाच्या शाळामास्तरांनी सुरू केली.

तिथे गेल्या गेल्या हातात एक घडी केलेला गठ्ठा देतात, चादर, उशीचा अभ्रा आणि दुलईचा अभ्रा. घाला आपापलं. आमच्या बाईसाहेबांनी घरी कधी चादरीची घडी केलेली नाही. पहिल्या रात्री व्हिडिओ कॉलवर मला काय दिसलं तर दुलई अभ्र्यात एका कोपऱ्यात गोळा झालेली आणि ही स्वतः कमरेपर्यंत अभ्र्यात शिरलेली, आत जाऊन टोकं शोधत होती, आणि ती इटलीची मुलगी बाहेरून हसून हसून लोळत होती. जायच्या आधी एकदा घरी गादीवर प्रॅक्टिस करून घ्या. वॉशिंग मशीन लावायचीही.

शाकाहारी आहोत, खाणार काय?

मिळतं, उपाशी कुणी राहत नाही. फॉर्मवर नीट लिहा, आणि लक्षात ठेवा की तिकडे शाकाहारीत अंडं धरतात, तुम्ही खात नसाल तर वेगळं लिहायचं. गमी बेअर ही सगळ्या पोरांची आवडती, त्यात बहुतेक वेळा डुकराचं जिलेटिन असतं, पाकिटावर "व्हेगन" लिहिलेलं बघून घ्यायचं.

खरी अडचण रात्रीची. गरम जेवण दुपारी असतं आणि संध्याकाळी सहा-साडेसहाला "आबेंडब्रोट", म्हणजे शब्दशः संध्याकाळचा ब्रेड. ब्रेड, चीज, काकडी, टोमॅटो, सॉसेज, सगळं गार. वरण-भाताच्या पोराला हे जेवण वाटतच नाही, ते नाश्ता समजून थोडं खातं, मग रात्री दहाला भूक लागते, आणि बाहेर तर साडेनऊपर्यंत लख्ख उजेड, म्हणजे पोटालाही कळत नाही किती वाजले. आधीच सांगून ठेवा की हेच जेवण आहे, पोटभर खा. रविवारी दुकानं बंद असतात, त्यामुळे शनिवारीच खाऊ आणून ठेवायचा.

मग इकडून काय द्यावं? हापूस, पेढे चालतील?

नाही! दोन्ही नाही. युरोपियन युनियनमध्ये बाहेरून दुधाचे पदार्थ नेता येत नाहीत, म्हणजे पेढे, बर्फी, तुपाची बरणी सगळं घरी. ताज्या फळांना सरकारी सर्टिफिकेट लागतं, सुटतात ती केळी, अननस, नारळ, खजूर आणि ड्यूरियन एवढीच, आंबा त्यात नाही. आमच्या सासूबाईंनी टीचरांसाठी म्हणून पेढ्यांचा पुडा बॅगेत सारला होता, मी निघायच्या आधी काढला, अजून तो विषय घरात निघतो.

द्या: मेतकूट, शेंगदाण्याची चटणी, भडंग, चकल्या, तिखट पुऱ्या. भडंग बेस्ट, मुलं जमतात त्याभोवती. टीचरांना द्यायला पैठणीच्या काठाची पाऊच, वारली चित्राचे बुकमार्क असलं काहीतरी.

हा प्रश्न विचारायला लाज वाटते, पण तिकडे पाण्याची सोय...?

सगळ्यांनाच विचारायचं असतं. नसते. कागदच. छोटी बाटली जवळ ठेवायची, सगळे ठेवतात, कुणी बोलत नाही. मुलींना सॅनिटरी पॅड इकडूनच पुरेसे द्या, नवीन जागी ब्रँड शोधत फिरायला नको.

फोन, सिम, रोजचा कॉल?

तिकडे सिम घ्यायला ओळखपत्राची तपासणी असते, मुलांच्या नावावर कटकट होते. इकडूनच रोमिंग पॅक किंवा ई-सिम टाकून द्या. चार्जरची आपली तीन पिनची प्लग तिकडे बसत नाही, ॲडॉप्टर द्या.

कॉलचं म्हणाल तर उन्हाळ्यात ते आपल्यापेक्षा साडेतीन तास मागे. तिचं रात्रीचं आवरून होईपर्यंत इथे साडेबारा. आणि काही ठिकाणी रात्री फोन जमा करून घेतात, ते चांगलंच आहे. आम्ही ठरवलं होतं की रोज एक मेसेज आणि एक दिवसाआड कॉल. मी रोज कॉल केला. पहिले चार दिवस ती रडली, तीनदा म्हणाली "तिकीट बदल". कोऑर्डिनेटरबाईंनी मला मेल केला की तुम्ही दिवसा फोन करता तेव्हाच ती रडते, बाकी वेळ खेळत असते. वाईट वाटलं, पण मग खरंच थांबवलं. पाचव्या दिवशी मीच मेसेज टाकला "जेवलीस का", तर उत्तर चार तासांनी, "हो ग".

हातखर्चाला किती द्यायचे?

आम्ही आठवड्याला 60 युरो ह्या हिशोबाने दिले, थोडे उरले. अर्धे फोरेक्स कार्डवर, अर्धे सुट्ट्या नोटांत, कारण छोट्या दुकानांत अजून रोखच लागते. पाण्याच्या बाटल्या विकत घ्यायला लावू नका, नळाचं पाणी पिण्याचं असतं. आणि घेतलीच तर रिकामी बाटली फेकायची नाही, प्लॅस्टिकच्या बाटलीवर नि कॅनवर 25 सेंट डिपॉझिट असतं, सुपरमार्केटमधल्या मशीनमध्ये टाकली की पावती येते. आमचीने इतरांनी टाकलेल्या बाटल्या गोळा करून आइस्क्रीमचे पैसे काढले, अस्सल पुणेकर.

आजारी पडली तर?

ताप-पोटाची नेहमीची औषधं डॉक्टरांच्या इंग्लिश प्रिस्क्रिप्शनसकट द्या. तिकडे चिठ्ठीशिवाय अँटिबायोटिक मिळत नाही. दमा, ॲलर्जी, फिट असं काही असेल तर लपवू नका, फॉर्मवर लिहा, "घेणार नाहीत" म्हणून लपवणारे पालक मी पाहिलेत. इमर्जन्सीचा नंबर 112, पोलीस 110, पोरांना पाठ हवेत. पासपोर्ट हरवला तर आपली एम्बसी बर्लिनला आणि कॉन्सुलेट फ्रँकफर्ट, हॅम्बुर्ग, म्युनिकला.

तिकडे सोळाव्या वर्षी बिअर चालते म्हणे?

कायद्याने हो, बिअर नि वाइन सोळाला, हार्ड लिकर आणि सिगरेट अठराला. पण मुलांच्या कोर्सचे स्वतःचे नियम असतात, त्यावर तुम्ही आणि मूल दोघांनी सही केलेली असते, आणि नियम मोडला तर तुमच्या खर्चाने घरी पाठवायची सोयही त्यात लिहिलेली असते. तो कागद मुलांबरोबर बसून वाचा. "आमचा तसा नाही" असं म्हणून विषय टाळू नका, तो तसा आहे की नाही हे त्यालाही अजून माहीत नाही.

सर्टिफिकेटचा पुढे उपयोग होतो का? जर्मनीत फुकट शिकता येतं ना?

कोर्सचं सर्टिफिकेट म्हणजे हजेरीचं. लेव्हलचं प्रमाणपत्र हवं तर परीक्षा वेगळी द्यावी लागते, ती पुण्या-मुंबईत मॅक्स म्युलर भवनातही होते. आमचीने परत आल्यावर दोन महिन्यांनी बी-वन दिली, बोलण्याच्या भागात सगळ्यात जास्त मार्क, लिहिण्यात जेमतेम. सरकारी युनिव्हर्सिटीत बहुतेक ठिकाणी ट्यूशन फी नाही हे खरं, बाडेन-व्युर्टेम्बर्ग राज्यात मात्र आपल्यासारख्या बाहेरच्यांना सेमिस्टरला 1,500 युरो लागतात. पण जर्मन माध्यमातून डिग्री करायची तर साधारण सी-वनपर्यंतचं जर्मन मागतात, ते अजून फार लांब आहे.

फ्रेंच, स्पॅनिश असेल तर हेच लागू?

व्हिसा, इन्शुरन्स, पेढे, सगळं तेच, शेंगेनच आहे. इंग्लिशसाठी इंग्लंड-आयर्लंडला पाठवायला मात्र मला कारण दिसत नाही, आपली पोरं इंग्लिश बोलतात.

मुलाला जायचंच नाहीये, पण आम्हाला वाटतं जावं.

मग तुम्ही जा. खरंच, मोठ्यांचे पण कोर्स असतात.

एजंटचा नंबर दे ना.

एजंट नव्हता. मी, नवरा, लेक, तिघं मिळून डायनिंग टेबलवर लॅपटॉप ठेवून बसायचो. कोर्सला मेल लेकीनेच जर्मनमध्ये लिहिले, ते माझ्याकडे आहेत. चुका आहेत त्यात, पण तिकडून उत्तरं आली. हवे असतील तर तेवढे पाठवते.